गवत कापायच्या गाडीचे इंजिन बदलताना: उभा शाफ्ट, आडवा शाफ्ट आणि स्वस्ताईचा हिशेब

वरूड तालुक्यातील एका संत्रा बागायतदार भाऊंचा प्रश्न असा आहे. आठ एकर बगीच्यातले गवत कापण्यासाठी त्यांनी काही वर्षांपूर्वी बसून चालवायची एक जुनी विलायती गाडी घेतली. तिचा डेक, म्हणजे ज्या पत्र्याच्या झाकणाखाली पाती फिरतात तो भाग, ४२ इंच रुंद आहे. इंजिन एका सिलिंडरचे, सुमारे ५०० सीसीचे, साडेसतरा अश्वशक्तीचे आहे. यंदा पोळ्यापासून ते निळा धूर सोडते, दिवसाला पाव-अर्धा लिटर ऑईल पिते आणि गुडघाभर गवतात शिरले की दम तोडते. मूळ कंपनीच्या नव्या इंजिनाची किंमत, त्यांनी गाडीलाच दिलेल्या पैशांच्या जवळ जाते. गावातल्या पॉवर वीडरच्या दुकानदाराने मात्र १३ अश्वशक्तीचे चिनी इंजिन त्याच्या चौथाईत देऊ केले आहे. ते बसेल काय, आणि बसले तर टिकेल काय, एवढेच त्यांना विचारायचे आहे.

दुकानदाराने दाखवलेले ते विशिष्ट इंजिन तुमच्या गाडीला बसणार नाही, आणि कोणी ओढूनताणून बसवून दिले तरी घेऊ नका. स्वस्त चिनी इंजिन बसवण्याचा विचार मात्र चुकीचा नाही. उभ्या शाफ्टचे, म्हणजे ज्याचा फिरणारा दांडा सरळ खाली उतरतो असे, घेतले आणि जुळणीचे काम नीट केले तर तुमच्या वापराला ते पुरून उरेल. परंतु त्याआधी जुने इंजिन खरोखर संपले आहे याची खात्री करावी लागेल. अचलपूर-परतवाडा भागात पंप, फवारणीयंत्रे आणि पॉवर वीडर दुरुस्त करण्यात माझी बावीस वर्षे गेली. त्यात अशा गाड्या मोजक्याच आल्या, पण "रिंग-पिस्टन गेले" म्हणून आलेल्यांपैकी प्रत्येकीचे रिंग-पिस्टन गेलेले नव्हते.

निळा धूर म्हणजे ऑईल जळते आहे, एवढेच सिद्ध होते. ते कोणत्या वाटेने जळण्याच्या जागी पोहोचते हे धूर सांगत नाही. या बनावटीच्या ओव्हरहेड व्हॉल्व्हच्या इंजिनांत सिलिंडर आणि पुशरॉडची (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या दांड्यांची) पोकळी यांच्यामध्ये हेड पॅकिंगची एक अरुंद पट्टी असते. ती पट्टी जळाली की सिलिंडरातला दाब त्या पोकळीतून क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या ऑईल असलेल्या पोटात, शिरतो आणि तिथले ऑईल ब्रीदरच्या, म्हणजे त्या पोटातला दाब बाहेर सोडणाऱ्या, नळीने कार्बोरेटरकडे ढकलतो. धूर, ऑईलची खादाडी आणि कमी झालेली ताकद ही तिन्ही लक्षणे तुम्ही लिहिली आहेत तशीच दिसतात, आणि खर्च मात्र एका पॅकिंगचा व अर्ध्या दिवसाच्या मजुरीचा असतो. दुसरी शक्यता अशी की कार्बोरेटरची फ्लोट सुई नीट बसत नाही, गाडी उभी असताना टाकीतले पेट्रोल झिरपून ऑईलमध्ये उतरते, ऑईलची पातळी वाढते आणि पातळ झालेले ऑईल धूर होऊन निघते. डिपस्टिक काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर इंजिन तसे एक मिनिटही चालवू नका. तिसरी गोष्ट बगीच्यातल्या गाड्यांत हमखास होते. पाते झाडाच्या जुन्या बुंध्यावर किंवा दगडावर आदळते, फ्लायव्हील, म्हणजे इंजिनावरचे जड चाक, शाफ्टला जखडणारी मऊ धातूची चावी अर्धवट कातरली जाते आणि ठिणगीची वेळ सरकते. इंजिन चालू राहते, पण जोर नसतो आणि स्टार्टर मारताना उलटा झटका देते.

कॉम्प्रेशन मीटर लावून आकडा कमी आला म्हणून इंजिन मेले असे ठरवणारे बरेच आहेत, आणि इथेच त्यांची फसगत होते. अशा मोठ्या एकसिलिंडर इंजिनांत स्टार्टरवर भार येऊ नये म्हणून कॅमशाफ्टवर एक छोटी यंत्रणा असते. सावकाश फिरताना ती व्हॉल्व्ह किंचित उघडा ठेवते आणि इंजिनाने वेग घेतला की बाजूला होते. त्यामुळे धडधाकट इंजिनाचाही आकडा स्टार्टरवर कमीच दिसतो. याहून भरवशाची तपासणी गावात पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर होते. जुन्या प्लगचे चिनीमातीचे अंग फोडून काढावे, उरलेल्या लोखंडी बुडाला हवेची नळी जोडता येईल असा निपल झाळून घ्यावा, पिस्टन कॉम्प्रेशनच्या फेऱ्यात अगदी वर आणावा आणि थोडी थोडी हवा सोडत कान लावावा. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्बोरेटरमधून आली तर इनलेट व्हॉल्व्ह, ब्रीदरच्या तोंडाशी जोराने आली तर रिंग किंवा मघाशी सांगितलेले हेड पॅकिंग. हेडच्या सांध्यावर साबणाचे पाणी लावून ठेवले की पॅकिंग बाहेरच्या बाजूने फुटले असल्यास बुडबुडे दिसतात. आतल्या बाजूने फुटले असेल तर हेड उघडल्यावर त्या पट्टीवर काळा ओघळ स्पष्ट दिसतो. हवा सोडण्यापूर्वी दोन्ही पट्टे उतरवा आणि क्रँक पान्याने घट्ट धरून ठेवा, कारण पिस्टन जरासा जरी ढळला तरी हवेचा दाब त्याला जोराने फिरवतो आणि पट्टा चढलेला असेल तर खाली पातेही फिरते.

शाफ्टचे खालचे टोकही हातात धरून आडवे हलवून पाहा. या वर्गातल्या अनेक इंजिनांत क्रँकशाफ्ट तळाच्या ॲल्युमिनियमच्या भोकात थेट फिरतो, तिथे बेअरिंग नसते. ते भोक घासून अंडाकृती झाले असेल तर नवे ऑईल सील आठवडाभरही टिकत नाही. अशा वेळी मी दुरुस्तीचा सल्ला देत नाही, कारण ओव्हरसाइज पिस्टन मिळवणे, बोअर करणे, क्रँकची पिन घासणे आणि तळाला बुश ठोकणे हे सगळे जोडून जो खर्च होतो त्यात बेताचे नवे इंजिन घरी येते.

समजा, इंजिन खरोखर गेले. मग ते कशाने गेले हे पाहिल्याशिवाय नवे आणू नका. एअर फिल्टर काढा आणि फिल्टरच्या पलीकडच्या, म्हणजे कार्बोरेटरच्या बाजूच्या नळीत बोट फिरवा. ती नळी कोरडी आणि स्वच्छ असायला हवी. बोटाला काळ्या मातीची ती पिठासारखी बारीक भुकटी लागली, तर तुमच्या इंजिनाची रिंग आणि सिलिंडर त्या भुकटीने खाल्ले आहेत. अलीकडे माझ्याकडे आलेल्या एका गाडीत फिल्टर नवाकोरा होता, पण त्याची रबरी कड एका बाजूला दुमडलेली होती आणि त्या दुमडीतून, पोस्टकार्डाच्या जाडीच्या फटीतून, दोन हंगाम धूळ जात राहिली. पावसाळ्यात जमीन ओली असते तोवर हे कळत नाही. दसरा-दिवाळीनंतर वरचे गवत वाळते, जमीन भेगाळते आणि पाती प्रत्येक फेऱ्यात मातीचा धुरळा उडवतात, तेव्हा तो सगळा फिल्टरच्या तोंडाशी येतो. दुसरे कारण उष्णतेचे. फ्लायव्हीलवरचे झाकण उतरवले की आतल्या थंडाईच्या पाकळ्यांत गवताचा भुसा इतका दाटून बसलेला सापडतो की हवा जायला जागा उरत नाही. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला आपल्याकडच्या ४५ अंशांच्या उन्हात हे सोसत नाही. ते आतून भाजून निघते. ही दोन कारणे जागच्या जागी राहिली तर महागडे इंजिनही त्याच वाटेने जाईल.

आता स्वस्त इंजिन का चालेल, ते हिशेबाने सांगतो. ४२ इंचांचा डेक म्हणजे सुमारे १०७ सेंटिमीटर. फेऱ्यावर फेरा थोडा चढवला तर हाती ९५ सेंटिमीटर रुंदी येते. ताशी ४ किलोमीटर वेगाने चालवल्यास तासाला ३,८०० चौरस मीटर कापले जाते, आणि एकर ४,०४७ चौरस मीटरचा असतो. झाडांच्या ओळींशेवटी वळणे आणि धुऱ्याशी मागेपुढे करणे धरून एकराला सव्वा तास, आठ एकराला दहा तास. आषाढापासून कार्तिकापर्यंत पाच-सहा कापण्या होतात असे धरले तर वर्षाला पन्नास ते साठ तास काम. एखादा कंत्राटदार रोज सहा तास मैदाने कापत फिरतो त्याला महाग इंजिन परवडते, कारण बंद पडलेला दिवस त्याला महाग पडतो. तुमच्या साठ तासांच्या हंगामाला नीट सांभाळलेले बेताचे इंजिन कित्येक वर्षे जाते.

तरी दुकानदाराचे इंजिन मी का नाकारतो? पॉवर वीडर, पाण्याचा पंप आणि जनरेटरवर जी चिनी पेट्रोल इंजिने येतात, त्यांचा शाफ्ट आडवा बाहेर येतो. १३ अश्वशक्तीचे म्हणून जे विकले जाते ते बहुधा ८८ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि ६४ मिलिमीटर स्ट्रोकचे (पिस्टनची धाव), ३८९ सीसीचे असते. तुमच्या गाडीच्या इंजिनाचा शाफ्ट मात्र उभा, थेट जमिनीकडे उतरलेला आहे. त्याच्यावर वरच्या बाजूला चाकांच्या गिअरबॉक्सची पुली आणि खालच्या टोकाला डेक चालवणारा विजेचा क्लच बसतो. एका गृहस्थांनी आडव्या शाफ्टचे नवे इंजिन पिकअपमध्ये टाकून आणले आणि मला अगदी शांतपणे सांगितले की ते आडवे पाडून बसवा म्हणजे शाफ्ट खाली येईल. दिसायला तसे होते खरे. पण त्या इंजिनात ऑईल उडवण्याचे काम कनेक्टिंग रॉडच्या तळाचा एक चमचा करतो. तो ऑईलच्या तळ्यात बुडून वर येतो म्हणून वरच्या भागांना ऑईल मिळते. इंजिन आडवे पाडले की तळे दुसऱ्या भिंतीकडे जाते, चमचा एक तर कोरडा फिरतो किंवा ऑईल सगळीकडे उधळतो, कार्बोरेटरचा फ्लोट कलंडतो आणि पेट्रोल वाहू लागते. उभ्या शाफ्टच्या इंजिनात ऑईल पोहोचवण्याची सोय मुळातच निराळी असते. तिथे तळाशी गिअरवर फिरणारी पंखवाली चकती किंवा छोटा पंप असतो.

इंजिन सरळ उभे ठेवून काटकोनी गिअरबॉक्स लावणे, किंवा दोन पुल्यांवरून पट्टा काटकोनात वळवणे, हे दोन मार्ग उरतात. जुन्या काही बागेच्या ट्रॅक्टरांत पट्टा असा वळवलेला मी पाहिला आहे आणि तो चालतो, पण ती गाडी कारखान्यातच त्या बेताने घडवलेली असते. आपल्या गाडीत ते करायचे तर चेसिस कापावी लागते, इंजिन वर चढल्याने तोल बिघडतो आणि बांधाच्या उतारावर गाडी कलंडण्याचा धोका वाढतो. शिवाय फिरण्याची दिशा पाहावी लागते. शाफ्टच्या टोकाकडून पाहिले तर ही इंजिने घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतात. गिअरबॉक्सने दिशा बदलली तर पाते उलटे फिरेल, त्याचे वर वळलेले कान गवत उचलण्याऐवजी दाबतील आणि चाके पुढच्या दांड्यावर मागे जातील. एवढा खटाटोप करून जो पैसा वाचतो, तो लेथवाल्याला आणि वेल्डिंगवाल्याला द्यावा लागतो. डिझेलच्या ४०६ सीसीच्या इंजिनाबद्दलही मला दरवर्षी कोणीतरी विचारते. त्याचे वजन पन्नास किलोच्या आसपास आणि हादरे असे की या गाड्यांचा पातळ पत्रा एका हंगामात तडकतो.

म्हणून उभ्या शाफ्टचेच इंजिन मागा. तालुक्याच्या दुकानात ते ठेवलेले नसते, कारण त्याला इथे गिऱ्हाईक नाही. नागपूरसारख्या ठिकाणचे बागकाम-यंत्रांचे विक्रेते मागवून देतात. मागवण्यापूर्वी जुने इंजिन उतरवून वर्नियरने मापे घ्या आणि कागदावर लिहून ठेवा. बसून चालवायच्या गाड्यांत शाफ्टची जाडी बहुधा एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, लांबी ३ पूर्णांक ५/३२ इंच म्हणजे सुमारे ८० मिलिमीटर, चावीची खाच पाव इंचाची आणि टोकाच्या भोकातले आटे ७/१६ इंचाचे बारीक असतात. हाताने ढकलायच्या छोट्या यंत्रांच्या उभ्या इंजिनाचा शाफ्ट सात अष्टमांश इंचाचा, म्हणजे २२.२ मिलिमीटरचा असू शकतो, आणि फोटोत दोन्ही सारखेच दिसतात. काही इंजिनांना सरळ २५ मिलिमीटरचा शाफ्ट असतो. २५.४ च्या क्लचमध्ये २५ चा शाफ्ट सहज शिरतो, म्हणून ते बसले असे वाटते, प्रत्यक्षात ०.४ मिलिमीटरची ती मोकळीक मिनिटाला तीन हजार फेऱ्यांत क्लचचे भोक आणि चावी दोन्ही खाऊन टाकते. पत्र्याची पट्टी गुंडाळून ती भरून काढण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका. शाफ्ट आखूड निघाला तर क्लचचा बोल्ट पुरेसे आटे धरत नाही, तेही तितकेच वाईट. थोडा लांब निघाला तर लेथवर अचूक जाडीचे वायसर कातून घेता येतात.

इंजिनाच्या बुडाची भोके जुळतात का हे पाहायला पुठ्ठा पुरतो. जुने इंजिन उतरल्यावर चेसिसवर मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा पसरा, भोकांच्या कडांना थोडे ग्रीस लावा, वरून हात दाबत फिरवा आणि उमटलेले गोल कापून काढा. मधल्या मोठ्या भोकाचाही गोल घ्या, कारण शाफ्टचे केंद्र त्यावरून कळते. हा पुठ्ठा नव्या इंजिनाच्या बुडाशी धरला की भोके नवी पाडायची की आहेत तीच चालतील हे पाच मिनिटांत ठरते. भोके नवी पाडावी लागली तर शाफ्टचे केंद्र जुन्याच जागी राहील असे पाडा. ते सेंटिमीटरभर सरकले तरी पट्टा एकीकडे ढिला आणि दुसरीकडे ताठ होतो. जुनी पुली शाफ्टवर गंजून बसलेली असेल तर गंज सोडवणारे ऑईल घालून एक रात्र ठेवा आणि पुलर लावा. खालून हातोडा मारल्यास ॲल्युमिनियमचा तळ तडकतो, आणि जुने इंजिन तसेही भंगारात जायचे असले तरी पुली वाकली की ती तुम्हालाच विकत घ्यावी लागते.

अश्वशक्तीच्या स्टिकरवर फार भरवसा ठेवू नका. एकच इंजिन पंखा-सायलेन्सर-फिल्टर वगळून मोजले तर एक आकडा देते, सगळे लावून मोजले तर त्याहून कमी. अमेरिकेत या दोन मोजण्यांची मानकेही वेगळी आहेत. मी सीसी विचारतो. बोअरचा वर्ग गुणिले ०.७८५४ गुणिले स्ट्रोक, दोन्ही सेंटिमीटरमध्ये घेतले की सीसी मिळते, आणि तो आकडा स्टिकरशी पडताळता येतो. तुमच्या ५०० सीसीच्या जागी ४५० च्या आसपासचे एकसिलिंडर इंजिन ४२ इंचांच्या डेकला चालेल. ओल्या गवतात गाडी एक गिअर हळू चालवावी लागेल इतकेच. ३५० सीसीच्या खाली मात्र उतरू नका.

विजेच्या जोडणीत सगळ्यात जास्त पैसे जळतात. माझे स्वतःचे जळाले आहेत. या इंजिनांची ठिणगी फ्लायव्हीलच्या चुंबकावर चालते, बॅटरीवर नाही. इंजिन बंद करण्यासाठी कॉइलची एक तार चेसिसला जोडली जाते, म्हणजे तिला बॅटरीचा प्रवाह द्यायचा नसतो, फक्त जमीन द्यायची असते. पहिल्यांदा असे इंजिन बसवताना मी मोटारसायकलच्या सवयीने ती तार चावीच्या चालू टोकाला जोडली आणि बारा व्होल्टने नवी कॉइल क्षणात गेली. कार्बोरेटरच्या तळाशी पेट्रोल रोखणारा सोलेनॉइड असला तर त्याला याच्या अगदी उलट, चावी चालू असेपर्यंत बारा व्होल्ट लागतात. दोन्ही तारा शेजारीशेजारी असतात आणि रंग कंपनीगणिक बदलतात, म्हणून रंगावर न जाता मीटर लावून ओळखा. चार्जिंगही विचारूनच घ्या. डेकचा विजेचा क्लच चार-पाच अँपिअर सतत ओढतो. इंजिनाचे चार्जिंग तीनच अँपिअरचे असेल तर दोन तासांत बॅटरी उतरते, क्लच घसरू लागतो आणि दोष मात्र पट्ट्याला दिला जातो. सीटखालचा स्विच चालक उठताच इंजिन बंद करण्यासाठी असतो. जोडणीच्या घाईत तो कापून थेट जोड देणारे फिटर मी पाहिले आहेत. तसे करू देऊ नका. गड्याला पात्यात अडकलेली ठिबकची नळी ओढून काढण्यासाठी खाली वाकायची सवय असते.

इंजिनाचा वेग गाडीच्या पुस्तकात दिलेला असेल तोच ठेवा. बहुतेक गाड्यांत तो भाराशिवाय मिनिटाला ३,३०० ते ३,६०० फेऱ्यांच्या दरम्यान असतो. ताकद कमी वाटली म्हणून गव्हर्नरची, म्हणजे वेग आवरणाऱ्या यंत्रणेची, स्प्रिंग ओढणारे विसरतात की वाढलेला वेग पात्याच्या टोकाला जाऊन पोहोचतो. अमेरिकी सुरक्षा मानकात टोकाच्या वेगाची मर्यादा मिनिटाला १९,००० फूट, म्हणजे सेकंदाला सुमारे ९६ मीटर आहे. ५३ सेंटिमीटरचे पाते साधारण ३,४५० फेऱ्यांना ती गाठते. त्या वेगाने सुटलेला खडा काय करतो ते सांगायला नको. वेग मोजायला प्लगच्या तारेभोवती गुंडाळायचे स्वस्त मीटर मिळते, पण ते लावताना एक बारकावा आहे. चार स्ट्रोकचे इंजिन असले तरी फ्लायव्हीलच्या चुंबकामुळे ठिणगी प्रत्येक फेऱ्याला पडते, म्हणून मीटर एका फेऱ्याला एक ठिणगी या खुणेवर ठेवावे लागते. एका हौशी तरुणाने ते दोन फेऱ्यांना एक ठिणगी असे ठेवले, मीटरवर ६,६०० दिसले, तो घाबरला आणि मीटर ३,३०० दाखवीपर्यंत वेग कमी करत गेला. खरा वेग झाला १,६५०. इंजिनाचा पंखा अर्ध्याने फिरू लागला, गवत कापले न जाता लोळू लागले आणि आठवडाभराने तो तापलेले इंजिन घेऊन माझ्याकडे आला.

सायलेन्सरची दिशा आधीच पाहा. नव्या इंजिनाचा सायलेन्सर कुठल्या बाजूला तोंड करतो हे जुन्याशी जुळेलच असे नाही. तो बॅटरीकडे, पेट्रोलच्या नळीकडे किंवा खाली गवताकडे वळलेला असला तर लोखंडी नळीचा बाक करून तोंड मोकळ्या बाजूला काढा आणि मध्ये पत्र्याचा आडोसा लावा. मार्गशीर्षानंतर धुऱ्यावरचे वाळलेले कुंदा-गवत एका ठिणगीची वाट पाहत असते. रेस आणि चोकची तार गाडीत बहुधा एकाच दांड्यावर असते, नव्या इंजिनात दोन वेगळ्या. रेस दांड्याला जोडून चोकसाठी वेगळी ओढतार लावणे हा सगळ्यात सोपा तोडगा आहे.

नवे इंजिन खोक्यातून बहुधा ऑईलशिवाय येते. ही सूचना वाचून हसू येईल, पण कोरडे चालवून पहिल्या तीन मिनिटांत जाम केलेले नवे इंजिन माझ्या दुकानात एकदा आलेले आहे. आपल्या हवामानाला एसएई ३० चालते. न मिळाल्यास तालुक्याला सहज मिळणारे चांगल्या प्रतीचे १५ डब्ल्यू-४० घाला, पातळी डिपस्टिकच्या वरच्या खुणेपलीकडे नेऊ नका. पहिले ऑईल पाच तासांनी काढा आणि पांढऱ्या ताटलीत ओतून उन्हात पाहा; चंदेरी झाक दिसेल, ती नव्या भागांच्या घासणीची असते. खडखडीत कण मात्र दिसता कामा नयेत. त्याच वेळी बुडाचे, हेडचे आणि सायलेन्सरचे बोल्ट पुन्हा आवळा. बेताच्या इंजिनांत कारखान्याची आवळणी सारखी नसते, आणि पहिल्या वर्षातल्या तक्रारींपैकी निम्म्या मला ढिल्या बोल्टच्याच वाटत आल्या आहेत. वीस तासांनी इंजिन पूर्ण थंड असताना व्हॉल्व्हची मोकळीक फीलर गेजने तपासून पुस्तकाप्रमाणे करून घ्या. पुढे दर पन्नास तासांनी, म्हणजे तुमच्या हिशेबाने दर हंगामाला, ऑईल बदला.

पेट्रोलबद्दल दोन शब्द. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते, आणि अशी छोटी इंजिने बहुधा १० टक्क्यांपर्यंतच्या इथेनॉलसाठी बनवलेली असतात. इथेनॉल ओलावा धरते, जुनी रबरी नळी मऊ करते आणि मिश्रण थोडे पातळ करते, त्यामुळे इंजिन जरा जास्त तापते. यावर मोठा इलाज नाही, पण नळ्या नव्या घाला आणि हंगामाची शेवटची कापणी झाली की पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा. म्हणजे कार्बोरेटरमध्ये सात महिने पेट्रोल साचून डिंक होणार नाही. कॉक नसेल तर नळीत एक बसवून घ्या.

एवढे सगळे करण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा: तुमच्याकडे मिनी ट्रॅक्टर आहे काय? असेल, आणि ओळींमधून तो वळतो असेल, तर पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर, चालणारे गवत कापायचे स्लॅशर घेऊन ही गाडी निकामी समजणे मला जास्त शहाणपणाचे वाटेल. विशेषतः गाडीचा डेक खालून गंजून चाळणी झाला असेल किंवा चाकांचा गिअरबॉक्स चढावर ओढत नसेल तर. डेकला खालून पेचकस टोचून पाहा. पेचकस आरपार गेला तर त्या गाडीत नवे इंजिन घालू नका. डेक आणि गिअरबॉक्स शाबूत असतील तर मात्र निर्धास्त घाला.

जुने इंजिन भंगारवाल्याला लगेच देऊ नका. त्याचा स्टार्टर, कॉइल, क्लचचा बोल्ट, रेसची पट्टी आणि मूळ आट्यांचे नट-बोल्ट एका डब्यात नाव लिहून ठेवा. या गाड्यांचे बरेच बोल्ट इंचातल्या मापाचे असतात आणि आपल्याकडच्या हार्डवेअर दुकानातले मिलिमीटरचे बोल्ट त्यांत अर्धे शिरून आटे मारतात. पुढच्या पोळ्यापर्यंत नवे इंजिन सुरळीत चालले, मग बाकीचे ॲल्युमिनियम वजनावर विका.